फाइल कोणाची?

जानेवारी 2000. खालिद अल-मिहधार हा सौदी तरुण क्वालालंपूरमधल्या एका बैठकीला निघाला होता. वाटेत दुबईत त्याच्या पासपोर्टची नक्कल सीआयएच्या हाती लागली. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, तोही अनेकदा ये-जा करायची मुभा देणारा. अल-कायदाशी लागेबांधे असल्याचा संशय असलेल्या माणसाकडे अमेरिकेत शिरायचा परवाना आहे, हे एफबीआयला ताबडतोब कळायला हवं होतं. सीआयएच्या बिन लादेन कक्षात एफबीआयचा एक अधिकारी प्रतिनियुक्तीवर होता. त्याने 5 जानेवारीला आपल्या मूळ खात्याला पाठवण्यासाठी मसुदा तयार केला. त्यावर ‘तूर्त थांबा’ अशा अर्थाचा शेरा पडला आणि तो कागद पुढे कधीच गेला नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी, 15 जानेवारीला, मिहधार आणि त्याचा साथीदार नवाफ अल-हाझमी लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरले. तिथून ते सॅन डिएगोला गेले. हाझमीचं नाव त्या शहराच्या टेलिफोन डिरेक्टरीत छापलेलं होतं. काही काळ ते ज्याच्या घरात भाड्याने राहिले, तो घरमालक एफबीआयचा जुना खबऱ्या होता. हाझमी अमेरिकेत पोचल्याची माहिती मार्चमध्ये सीआयएकडेही आली, पण ती ‘केवळ माहितीसाठी’ म्हणून फायलीला लागली. दोघांची नावं संशयितांच्या यादीत चढली ती 2001 च्या ऑगस्टअखेरीस. 11 सप्टेंबरला पेंटॅगॉनवर आदळलेल्या विमानात हे दोघंही होते.

त्याच उन्हाळ्यात आणखी दोन कागद दोन वेगळ्या कपाटांत पडून होते. 10 जुलैला फीनिक्सहून एफबीआयचे एजंट केनेथ विल्यम्स यांनी वरिष्ठांना लिहिलं होतं की, बिन लादेनची माणसं अमेरिकेतल्या विमानप्रशिक्षण संस्थांत शिरत असावीत. 16 ऑगस्टला मिनेसोटात झकारियास मुसावीला अटक झाली. जंबो जेट चालवायला शिकण्याची त्याची घाई पाहून प्रशिक्षण संस्थेलाच शंका आली होती. फीनिक्सचा कागद मिनेसोटातल्या तपासनिसांनी पाहिलेला नव्हता आणि मिनेसोटातल्या अटकेची खबर फीनिक्सला नव्हती. दोन्ही कार्यालयं एकाच खात्याची.

हे सगळं पुढे चौकशी आयोगापुढे आलं तेव्हा लोकांनी ‘नोकरशाहीचा गलथानपणा’ म्हणून कपाळाला हात लावला. मला ते निदान अपुरं वाटतं. माहिती दाबून ठेवणं हा या खात्यांचा आळस नव्हता, ती त्यांची शिस्त होती. ज्याला कामापुरती गरज आहे त्यालाच सांगायचं, हा नियम शीतयुद्धाच्या अनुभवातून आला होता आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजलेली होती. 1994 मध्ये सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स पकडला गेला. त्याने विकलेल्या नावांमुळे सोव्हिएत संघातले अमेरिकेचे कित्येक हस्तक मारले गेले होते. फेब्रुवारी 2001 मध्ये एफबीआयचा रॉबर्ट हॅनसेन सापडला. आपल्यावर कुणाचा संशय आहे का, हे पाहायला तो एफबीआयच्याच संगणकात स्वतःचं नाव शोधत असे. अशा माणसांचे घाव ताजे असताना ‘सगळ्यांना सगळं दाखवा’ म्हणणाऱ्याला कुणी जवळ उभं केलं नसतं, आणि त्यात नवल नाही.

तंत्रज्ञान नव्हतं असंही नाही. गुप्तचर खात्यांचं स्वतःचं बंदिस्त जाळं, इंटेलिंक, 1994 पासून चालू होतं. पण त्यावर असायचे ते तयार अहवाल. विश्लेषक मसुदा लिहिणार, साहेब तपासणार, त्यांचे साहेब त्यात बदल करणार, मग त्यावर खात्याची मुद्रा उमटणार आणि तो ठरलेल्या यादीप्रमाणे वाटला जाणार. एखाद्या विश्लेषकाच्या मनात अर्धवट शंका असेल तर ती दुसऱ्या खात्यातल्या जाणकाराला विचारायची जागा त्यात नव्हती. तो जाणकार कोण हेही बहुधा ठाऊक नसायचं. एफबीआयची अवस्था तर त्याहून वाईट होती. हल्ल्यानंतर तिने उभारायला घेतलेली ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही संगणकप्रणाली सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून 2005 मध्ये सोडून द्यावी लागली.

जुलै 2004 मध्ये थॉमस कीन आणि ली हॅमिल्टन यांच्या आयोगाचा अहवाल आला. माहिती राखून ठेवण्याऐवजी ती वाटण्याची गरज धरून चाला, असं त्याने स्पष्ट सांगितलं. 17 डिसेंबरला कायदा झाला. सगळ्या गुप्तचर संस्थांवर एक राष्ट्रीय संचालक आला आणि एप्रिल 2005 मध्ये जॉन निग्रोपाँटे त्या खुर्चीवर बसले. पण वर एक नवी खुर्ची आली म्हणून खालच्या टेबलांवरच्या फायली एकमेकींशी बोलू लागत नाहीत.

बोलण्याची वाट एका वेगळ्याच दिशेने निघाली. 2004 मध्ये गुप्तचर क्षेत्रातल्या नव्या कल्पनांसाठी गॅलिलिओ नावाचं पारितोषिक सुरू झालं. त्यात सीआयएच्या कॅल्विन अँड्रस यांच्या निबंधाला मान मिळाला. निबंधाचा विषय होता विकी आणि ब्लॉग. त्या वेळी विकिपीडिया जेमतेम तीन वर्षांचा होता, आणि कुणीही काहीही लिहू शकणारा ज्ञानकोश ही कल्पना विद्यापीठांतही हसण्यावारी नेली जात होती. अँड्रस यांचं म्हणणं साधं होतं. जग इतक्या वेगाने बदलतं आहे की, वरून आदेश येईपर्यंत परिस्थिती पालटलेली असते. म्हणून खालच्या माणसांना एकमेकांचं लिखाण दिसू द्या, त्यात भर घालू द्या, चूक दिसली तर दुरुस्त करू द्या. मुंग्यांच्या वारुळाला जसा मुकादम लागत नाही, तशी हजारो छोट्या दुरुस्त्यांतून व्यवस्था आपोआप आकार घेते. 2005 मध्ये हा निबंध सीआयएच्या नियतकालिकात छापून आला. गुप्ततेच्या बालेकिल्ल्यातून असा विचार उघडपणे मांडायला धैर्य लागतं, आणि त्या धैर्याबद्दल मला अँड्रस यांचं फार कौतुक वाटतं.

त्याच सुमारास इंटेलिंकवर विकिपीडियाचंच मीडियाविकी हे सॉफ्टवेअर बसवून प्रयोग सुरू झाला. 17 एप्रिल 2006 रोजी तो ‘इंटेलिपीडिया’ या नावाने रीतसर उभा राहिला. एकूण तीन विकी होते. एक अतिगोपनीय जाळ्यावर, दुसरा त्याखालच्या ‘गोपनीय’ पातळीवर आणि तिसरा गोपनीय नसलेल्या पण बाहेर द्यायच्या नसलेल्या माहितीसाठी. सीआयएमधले शॉन डेनेही आणि डॉन बर्क हे दोघे त्याचे वारकरी झाले. डेनेही विश्लेषण विभागातले, बर्क विज्ञान-तंत्रज्ञान विभागातले. कार्यालयाकार्यालयांत जाऊन ते शिकवत, समजावत, शंका ऐकून घेत. तीन गोष्टी ते पुनःपुन्हा सांगत. जास्तीत जास्त लोकांना वाचता येईल त्या पातळीवर लिहा. आपलं खातं मनात न धरता विषय धरून विचार करा. आणि हे काम जुन्या कामावर जादा ओझं म्हणून करू नका, जुन्या कामाच्या जागी करा. यातली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड ठरली.

इंटेलिपीडिया विकिपीडियाहून दोन बाबतींत वेगळा होता, आणि त्या दोन्ही विचारपूर्वक ठरवलेल्या होत्या. इथे निनावी कुणी नव्हतं. प्रत्येक शब्द कुणी, केव्हा लिहिला हे पानाच्या इतिहासात नावानिशी राहायचं. दुसरं म्हणजे, लिखाण तटस्थच हवं असा आग्रह नव्हता. एका संस्थेच्या विश्लेषकाला एक वाटतं आणि दुसरीच्या विश्लेषकाला उलट वाटतं, तर दोन्ही मतं आपापल्या नावाने पानावर राहू शकत.

हा दुसरा नियम किती मोलाचा होता ते कळायला ऑक्टोबर 2002 मधला इराकविषयीचा राष्ट्रीय अंदाज, म्हणजे गुप्तचर संस्थांचा एकत्रित अहवाल, आठवावा लागतो. इराक अण्वस्त्रांचा कार्यक्रम पुन्हा उभारतो आहे, असं त्यात ठासून म्हटलं होतं. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाला ते पटलं नव्हतं. इराकने मागवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या अण्विक कामासाठी आहेत, हे ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांनाही मान्य नव्हतं. हे मतभेद दस्तऐवजात होते, पण कडेला, आणि घाईत असलेल्या वाचकाच्या लक्षात राहिला तो ठाम निष्कर्ष. पुढच्या वर्षी युद्ध झालं. ती शस्त्रं सापडली नाहीत. परराष्ट्र खात्याच्या त्या विभागात तेव्हा वरिष्ठ पदावर असलेले थॉमस फिंगार पुढे राष्ट्रीय संचालकांच्या हाताखाली विश्लेषणाचे प्रमुख झाले, आणि इंटेलिपीडियाला वरून पाठबळ देणाऱ्यांत ते होते. नायजेरियाविषयीचा राष्ट्रीय अंदाज विकीवर तयार करण्याचा प्रयोगही त्यांच्याच काळात हाती घेतला गेला. मतभेद तळटिपेत गाडला गेला की काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

विरोध जोरदार झाला. माहिती एका जागी गोळा करणं म्हणजे शत्रूच्या हेराला ताटात वाढून देणं, यात माणसं मरतील, असं अनुभवी अधिकारी कळवळून सांगत. दुसरा आक्षेप पदाचा होता. वीस वर्षं रशियाचा अभ्यास केलेल्याच्या वाक्यावर कालचा पोरगा कात्री चालवणार का? बर्क आणि डेनेही यांनी यावर हुज्जत घातली नाही. त्यांनी पानं वाढवली. आपणहून पानांची निगा राखणाऱ्यांना ‘माळी’ म्हणत, आणि चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून छोटंसं फावडं मिळे. ज्या नोकरीत केलेलं काम घरीही सांगता येत नाही, तिथे ते फावडं टेबलावर ठेवण्यात लोकांना खरा अभिमान वाटत होता. पहिल्या सहा महिन्यांत साडेतीन हजारांहून अधिक जणांनी नोंदणी केली आणि पानांची संख्या 28 हजारांवर गेली.

11 ऑक्टोबर 2006 रोजी मॅनहॅटनमधल्या एका उंच इमारतीवर एक छोटं विमान आदळलं. न्यूयॉर्कच्या काळजात धस्स झालं. वीस मिनिटांत इंटेलिपीडियावर त्या घटनेचं पान उघडलं गेलं आणि पुढच्या दोन तासांत नऊ संस्थांतल्या लोकांनी त्यात सुमारे ऐंशी वेळा भर घातली. तो निव्वळ अपघात निघाला. यांत्रिक बिघाड की घातपात, याचा निवाडा करायला आधी किती फोन, किती बैठका लागल्या असत्या, हे त्या लोकांना पुरतं ठाऊक होतं. पुढच्या वर्षी इराकमध्ये बंडखोर स्फोटकांत क्लोरीन वापरू लागले. अशा स्फोटानंतर घटनास्थळी पुरावा कसा गोळा करायचा, याच्या सूचना कुणाकडेच तयार नव्हत्या. फिंगार यांनी नंतर सांगितलं की, जगभरच्या अठरा-एकोणीस ठिकाणांहून तेवीस जणांनी विकीवर लिहून दोन दिवसांत कामचलाऊ सूचना उभ्या केल्या. त्यासाठी कुणी समिती नेमली नव्हती. ज्याला जे माहीत होतं ते त्याने लिहिलं.

मग आली 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र. मुंबईत कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत हवा भरलेल्या रबरी होडीतून दहा तरुण पाठीवर जड पिशव्या घेऊन उतरले. तिथल्या कोळी बांधवांनी त्यांना हटकलंही. पुढच्या तीन दिवसांत 166 माणसं गेली. वॉशिंग्टनच्या आसपास त्या वेळी इंटेलिपीडियावर मुंबईचं पान भराभर वाढत होतं. वेगवेगळ्या संस्थांतले विश्लेषक हाती येईल तो तुकडा तिथे ठेवत होते. हल्लेखोर समुद्रावरून बोटीने आले, ही गोष्ट त्यांना नेहमीपेक्षा निराळी वाटली आणि तिच्यावर चर्चा रंगली. दहशतवादाचा एवढा मोठा हल्ला चालू असताना अनेक संस्था एकाच पानावर विचार करत होत्या.

मुंबईशी नातं असलेल्या कुणालाही हे वाचताना आत काहीतरी तुटतं, कारण हल्ल्याआधीचं चित्र वेगळं होतं. ते सहा वर्षांनी, डिसेंबर 2014 मध्ये, एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या गुप्त कागदपत्रांच्या आधारे अमेरिकी पत्रकारांनी समोर आणलं. हल्ल्यामागच्या लष्कर-ए-तैयबाचा तंत्रज्ञान सांभाळणारा झरार शाह गुगल अर्थवरून मुंबईतली ठिकाणं दाखवत होता. हल्लेखोरांशी होणारे फोन न्यू जर्सीहून आल्यासारखे भासावेत, अशी इंटरनेट जोडणीही तो जुळवत होता. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेची त्याच्या ऑनलाइन हालचालींवर नजर होती. एका भारतीय संस्थेचीही होती. अमेरिकेला या दोन्हींची कल्पना नव्हती, पण दुसऱ्या मार्गांनी कानावर आलेले इशारे तिने भारताला दिले होते. हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीच्या लष्करशी असलेल्या संबंधांबद्दल त्याच्या पत्नीने इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात सांगितलं होतं. एवढ्यावरून हल्ला ओळखता आला नसता, असं काही अधिकारी नंतर म्हणाले. असेलही. पण हल्ला सुरू झाल्यावर तिन्ही देशांनी आपापले तुकडे एकत्र मांडले, तेव्हा कटाचं चित्र उलगडायला फार वेळ लागला नाही. तुकडे तेच होते.

हल्ल्यानंतर महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत केंद्रीय गृहसचिव राहिलेले राम प्रधान आणि ‘रॉ’तून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन होते. तिने याच गोष्टीवर बोट ठेवलं. समुद्रमार्गे हल्ला होण्याचे, मोठ्या हॉटेलांना धोका असल्याचे इशारे आधीपासून येत होते. आलेल्या इशाऱ्याचं पुढे काय करायचं, याची नीट पद्धत नव्हती.

अमेरिकेत सप्टेंबर 2008 मध्ये ए-स्पेस सुरू झालं होतं. विश्लेषकांसाठी फेसबुकसारखी ती जागा होती. ‘टाइम’ने त्या वर्षीच्या उत्तम शोधांत तिची गणना केली. कुणी आपल्या विषयाबाहेरचे कागद अचानक उपसू लागलं तर यंत्रणेला ते कळावं, अशी सोय तिच्यात धरली होती. 2009 मध्ये बर्क आणि डेनेही यांना सार्वजनिक सेवेचं मानाचं पदकही मिळालं. आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी उमर फारूक अब्दुलमुतल्लब अंतर्वस्त्रात स्फोटक लपवून डेट्रॉइटच्या विमानात बसला. त्याच्या वडिलांनी महिनाभर आधी नायजेरियातल्या अमेरिकी दूतावासात जाऊन मुलाबद्दलची भीती बोलून दाखवली होती. ती माहिती यंत्रणेत होती, अनेकांना बघताही येत होती. या वेळी खोट वाटपात नव्हती. समोर दिसणाऱ्या ढिगातल्या इतर कागदांशी ही माहिती जोडून पाहणं हे नेमकं कुणाचं काम, हे ठरलेलं नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं वळण आहे, आणि त्याची चर्चा फार कमी झाली.

पुढच्याच वर्षी जुन्या मंडळींची भीती खरी ठरली. इराकमधल्या लष्करी तळावर विश्लेषक म्हणून काम करणाऱ्या चेल्सी मॅनिंगने गोपनीय जाळ्यावरून परराष्ट्र खात्याच्या अडीच लाख तारा उतरवून घेतल्या आणि विकिलीक्सला दिल्या. त्या तारा तिथे होत्या, कारण 11 सप्टेंबरनंतर परराष्ट्र खात्याने त्या वाटायला ठेवल्या होत्या. खात्याने आपला साठा त्या जाळ्यावरून तोडला. ऑक्टोबर 2011 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी आतल्या माणसांवर नजर ठेवण्याबाबत आदेश काढला. 2013 मध्ये स्नोडेनने आणखी मोठा धक्का दिला. या दोघांनी जनतेसाठी काय केलं याबद्दल मतं टोकाची आहेत आणि तो वाद वेगळा. इंटेलिपीडियाच्या वाट्याला मात्र त्यातून आलं ते वातावरण. पान उघडण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करू लागला की, माझ्या नावावर ही नोंद राहणार आहे.

तरीही विकी मेला नाही. 2014 मध्ये माहितीच्या कायद्याखाली उघड झालेल्या आकड्यांनुसार तिन्ही पातळ्यांवर मिळून सुमारे 2 लाख 69 हजार पानं होती. एकट्या अतिगोपनीय पातळीवर अडीच लाखांहून जास्त सदस्य होते. मग अडलं कुठे? भूअवकाशीय गुप्तवार्ता संस्थेतले ख्रिस रासमुसेन हे या चळवळीतले सर्वांत परखड माणूस. ते वर्षानुवर्षं हेच सांगत राहिले की, विकीवर चालते ती तयारी, आणि अधिकृत अहवाल पुन्हा आपापल्या खात्याच्या मुद्रेखालीच निघतो. म्हणजे विश्लेषकाने एकदा विकीवर लिहायचं आणि मग खात्यासाठी तेच पुन्हा. बढती मिळते ती दुसऱ्या कामावर. बर्क आणि डेनेही यांची तिसरी शिकवण हीच होती, आणि ती कुणी अमलात आणली नाही. अहवालावर अनेक संस्थांची मिळून एक मुद्रा असावी, हा रासमुसेन यांचा आग्रह मला पूर्ण पटतो. फाइल एका खात्याची राहिली की तिच्यातली चूक आणि श्रेय दोन्ही त्या खात्याचीच राहतात, आणि मग दुसऱ्याची दुरुस्ती ही ढवळाढवळ वाटते.

आपल्याकडे कारगिलनंतरच्या शिफारशींवरून 2001 च्या अखेरीस आयबीमध्ये मल्टी एजन्सी सेंटर, म्हणजे मॅक, स्थापन झालं होतं. सात वर्षं ते कसंबसं चाललं. मुंबईनंतर 31 डिसेंबर 2008 च्या आदेशाने सगळ्या संस्थांना आपली माहिती मॅकला देणं आणि मॅकने ती इतरांना देणं बंधनकारक झालं, आणि केंद्र चोवीस तास चालू लागलं. पुढच्या डिसेंबरात गृहमंत्री चिदंबरम यांनी निरनिराळे 21 माहितीसाठे जोडणाऱ्या नॅटग्रिडची कल्पना मांडली. बर्क आणि डेनेही यांच्या पाठीशी आदेशाचं असं बळ कधीच नव्हतं, आणि तेवढ्यापुरती आपली वाट अधिक पक्की आहे. पण आदेशाने कागद पोचतो. पोचलेल्या कागदावर ‘हे मला पटत नाही, माझ्याकडे वेगळी माहिती आहे’ असं रायगडच्या किनाऱ्यावरच्या फौजदाराला आणि दिल्लीतल्या विश्लेषकाला एकाच पानावर, आपापल्या नावाने लिहिता येईल, अशी जागाही त्याच्या जोडीला हवी.